हौशी स्वाराचे चिलखत आणि रोजची वाट

वऱ्हाडातील म्हातारी माणसे मोटारसायकलीला अद्यापही ‘फटफटी’ म्हणतात. आवाजावरून पडलेले हे नाव एका काळाची खूण आहे. त्या काळी गावात एखादीच फटफटी असे. ती पाटलाची, डॉक्टरची नाही तर कापसाच्या अडत्याची. ती वेशीवर आली की आवाजावरूनच कोण आले ते साऱ्या गावाला कळे आणि पोरे तिच्या मागे धावत. आता बुलढाणा जिल्ह्यात ज्या घरी बैलजोडी उरलेली नाही, पण मोटारसायकल आहे, अशी घरे गावोगाव सापडतात. आवाज ऐकून मान वर करावी असे तिचे अप्रूप राहिलेले नाही. ज्यांना ते अप्रूप पुन्हा हवे आहे असे काही तरुण मूळचा सायलेन्सर काढून कानठळ्या बसविणारा सायलेन्सर लावतात. आणि पोलीस असे सायलेन्सर जप्त करून अधूनमधून रोडरोलरखाली चिरडतात. हा खेळ महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत चालू आहे. त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत छान येतात, यापलीकडे त्याला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही.

महत्त्व द्यावयाचे ते दुसऱ्याच एका दृश्याला. हिवाळा लागला की रविवारी सकाळी लोणारच्या वाटेवर मोटारसायकलींचे तांडे दिसू लागतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, अकोला, कधी नागपूर आणि पुणे येथून निघालेले हे हौशी स्वार. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने पडलेले लोणारचे विवर, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेले आणि त्याच वर्षी रामसर यादीत गेलेले तेथील खारे सरोवर, दैत्यसूदनाचे मंदिर, परतीच्या वाटेवर सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा, असा त्यांचा बेत असतो. काही जण बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने ज्ञानगंगा अभयारण्यातून खामगावकडे उतरतात. (ज्ञानगंगेपर्यंतचा सर्वांत विलक्षण प्रवास मात्र कोणा मोटारसायकलस्वाराच्या नावावर नाही. टिपेश्वरहून २०१९ च्या जूनमध्ये निघालेला एक वाघ गळ्यातील पट्ट्याखेरीज कोणतेही सामान न घेता, विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगण पालथे घालून, सुमारे तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात येथे पोचला.)

या स्वारांच्या अंगावर जो सरंजाम असतो, तो निरखून पाहण्याजोगा असतो. डोक्यावर हनुवटीसह सबंध चेहरा झाकणारे हेल्मेट, अंगात खांदे, कोपर आणि पाठ या ठिकाणी आतून संरक्षक पट्ट्या बसविलेले जाळीदार जॅकेट, बोटांच्या पेरांवर कठीण कवच असलेले हातमोजे, गुडघ्यांना ढोपरकवच, घोट्याच्या वर जाणारे बूट. चहाच्या टपरीवर बसलेली मंडळी या अवताराकडे पाहून हसतात, आणि एखादा वात्रट पोरगा कोणत्या लढाईला निघालात म्हणूनही विचारतो. तथापि यातील प्रत्येक वस्तूमागे कोणाचे तरी हाड मोडल्याचा अनुभव आहे. गाडीवरून फेकला गेलेला माणूस पडताना हात पुढे टाकतो; ही बुद्धीची नव्हे, देहाची आज्ञा असते. म्हणून तळवे आधी सोलवटून निघतात आणि मनगट मोडते, हातमोजा त्यासाठी. डांबरी रस्त्यावर देह घसरत जातो तेव्हा सुती सदरा क्षणभरही टिकत नाही. जॅकेटाचे जाड कापड वा कातडे त्या घर्षणासाठी. पाय गाडीखाली सापडतो, बूट त्यासाठी. युरोपात या पट्ट्यांची आणि कपड्यांची स्वतंत्र मानके आहेत, त्यांच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. सारे चांगल्या प्रतीचे घ्यावयाचे तर एखादी जुनी मोटारसायकल येईल इतके पैसे त्यात जातात. हे पैसे उधळले असे म्हणणे अन्यायाचे होईल. या मंडळींच्या चोवीस तासांत हजार मैल कापण्यासारख्या विक्रमांची चेष्टा करावी. ज्या देशात रात्री रस्त्यावर म्हैस बसलेली असते तेथे विश्रांतीसकट ताशी सदुसष्ट किलोमीटरची सरासरी राखण्यात कोणते शहाणपण, असे खुशाल विचारावे. त्यांच्या चिलखताची चेष्टा मात्र करू नये.

प्रश्न निराळाच आहे. हौशी स्वार महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, निवडलेल्या रस्त्याने, मौजेखातर निघतो आणि नखशिखान्त सज्ज असतो. चिखलीहून वा मेहकरहून रोज तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत ‘अप-डाउन’ करणारा शिक्षक, तहसील कचेरीतला कारकून, गावाहून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी, दुधाच्या कॅन दोन्ही बाजूंना अडकवून पहाटे निघणारा गवळी, ही माणसे वर्षातले तीनशे दिवस, पावसात, धुक्यात, अंधारात, उखडलेल्या रस्त्याने जातात. आणि बहुतेकांच्या डोक्यावर काही नसते. ज्याला धोका अधिक त्याच्यापाशी संरक्षण कमी, अशी ही उलटी विभागणी आहे.

अप-डाउनची मोटारसायकल

ही विभागणी कशी झाली हे पाहावयाचे तर जिल्ह्याचा नकाशा समोर घ्यावा. मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो. जलंबहून खामगावला एक फाटा गेला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे असूनही तेथे रेल्वे नाही. घाटावरचे चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा हे तालुकेही रेल्वेवाचून आहेत. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी करता करता पिढ्या सरल्या. राहता राहिली एस. टी. ती तालुक्याच्या गावाला नेते; पण शाळेच्या घंटेची वेळ आणि तिची वेळ जुळेलच असे नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात ज्यांनी कर्ज काढून मोटारसायकल घेतली ते संप मिटल्यावर परत बसच्या रांगेत कशाला उभे राहतील?

मोटारसायकल स्वस्त आणि विश्वासाची झाली ती मात्र त्याच्या खूप आधी. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली लष्करी बाण्याची बुलेट, १९६१ पासून म्हैसूरला तयार होणारी जावा आणि १९७३ नंतर तिची झालेली येझ्दी, १९६२ ची राजदूत, ही त्रिमूर्ती दोन दशके टिकली. दुधवाला आणि ग्रामसेवक यांची राजदूत, बागायतदाराची बुलेट, अशी ढोबळ वाटणीही होती. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सरकारने शंभर सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी परदेशी सहकार्याची दारे उघडली आणि १९८४-८५ या दोन वर्षांत सुझुकी, होंडा, यामाहा यांची यंत्रे भारतीय नावांशी जोडून आली. थोड्या पेट्रोलवर लांब जाणारी हिरो होंडा १९८५ साली आली आणि १९९४ साली तिची ‘स्प्लेंडर’. ग्रामीण महाराष्ट्राचे दळणवळण या दोन गाड्यांनी जितके बदलले, तितके अनेक योजनांनी मिळून बदलले नसेल. जुन्या गाड्या गेल्या. येझ्दीचा कारखाना आणि यामाहाची आर. एक्स. शंभर ही दोन्ही १९९६ साली थांबली. हौशी मंडळी याच गाड्या आता भंगारातून काढून, सुटे भाग शोधून, रंगरंगोटी करून देव्हाऱ्यात ठेवाव्यात तशा ठेवतात, आणि जावा-येझ्दीची नावे तर २०१८ आणि २०२२ मध्ये नव्या कारखानदारांनी बाजारात पुन्हा आणली. छंद म्हणून हे सारे गोड आहे. पण स्प्लेंडरची कोणी आठवण काढत नाही, कारण ती अजून कामावर आहे.

समृद्धी महामार्ग या जिल्ह्याच्या मेहकर आणि सिंदखेडराजा भागांतून जातो. जिल्ह्यातला सर्वांत रुंद आणि गुळगुळीत रस्ता तोच. आणि त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. हौशी स्वार त्याबद्दल कुरकुर करतात. त्या वेगाच्या रस्त्यावर दुचाकीला जागा नाही हे ठीकच आहे. पण परिणाम असा की अप-डाउनवाल्याच्या वाट्याला जुनेच रस्ते येतात. मोताळ्याहून बुलढाण्याला चढणारा राजूरचा घाट, मलकापूर-नांदुरा-खामगाव या पूर्वीच्या सहा आणि आताच्या त्रेपन्न क्रमांकाच्या महामार्गावरची ट्रकांची रांग, मागे दिवा नसलेली कापसाची ट्रॉली, रंग न दिलेला गतिरोधक, खड्डा बुजवून उरलेली आणि तशीच सोडलेली खडी, सोयाबीनच्या दिवसांत डांबरावरच टाकलेले वाळवण. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटून पंचवीस प्रवासी गेले तेव्हा देश हळहळला, आणि ते योग्यच होते. दुचाकीवरचा माणूस एकेकटा मरतो. त्याला आतल्या पानावर चार ओळी मिळतात.

या चार-चार ओळींची वर्षाअखेरची बेरीज केंद्र सरकार दरसाल प्रसिद्ध करते. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट घातलेले नव्हते अशा मृतांचा आकडा ५०,०२९. पैकी ३५,६९२ गाडी चालविणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. हेल्मेट असते तर हे सर्व वाचले असते असा अर्थ कोणी काढू नये. छातीवरून चाक गेले तर हेल्मेट काय करणार? जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे हमी नव्हे, पण जवळजवळ निम्मा दिलासा. खतावर वा बियाण्यावर निम्मा दिलासा देणारी योजना जाहीर झाली तर तहसिलीपुढे रांग लागेल.

हळू जाणाऱ्याचे डोके

‘आपण कुठे वेगाने जातो? गावातल्या गावात तर जायचे’ हे हेल्मेट न घालण्याचे सर्वांत प्रचलित कारण. त्याचे उत्तर अमेरिकेत १९८१ सालीच दिले गेले आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील नऊशे मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला आणि आणखी छत्तीसशे अपघातांचे पोलिसी अहवाल तपासले. अपघाताआधीचा मध्यम वेग निघाला ताशी सुमारे ४८ किलोमीटर आणि प्रत्यक्ष आदळतानाचा सुमारे ३५. बेफाम वेगाचे अपघात हजारात एखादे. बहुतेक अपघात छोट्या फेरीत, घरापासून फार दूर न जाता झालेले. चालविणाऱ्यांपैकी शेकडा ९२ जण एक तर आपले आपण शिकलेले होते, नाही तर घरच्यांकडून वा मित्रांकडून. लॉस एंजेलिसच्या जागी चिखली घातली तरी या वर्णनात फारसे काही बदलावे लागणार नाही. आपल्याकडे मोटारसायकल शिकविणारी शाळा कोणी पाहिली आहे? थोरला भाऊ मागे बसून क्लच सोडावयास सांगतो, तेवढेच शिक्षण.

किंबहुना वेग शून्य असला तरी डोके फुटू शकते. उभ्या माणसाचे डोके जमिनीपासून दीड मीटरवर धरले तर नुसते कोसळल्याने ते जमिनीवर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या घरात असतो. कवटी डांबरावर थांबते. आतला मेंदू थांबत नाही, तो कवटीवर आदळतो. हेल्मेटचे बाहेरचे कठीण कवच सर्वांना दिसते. पण खरे काम आतला पांढरा थर करतो. तो दुसरा तिसरा काही नसून एके काळी गणपतीच्या मखराला वापरत ते थर्मोकोलच, फक्त अधिक घट्ट केलेले. तो थर चेपतो आणि चेपता चेपता डोक्याला थांबावयास थोडे अधिक अंतर, थोडा अधिक अवधी देतो. एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोराने आदळलेले हेल्मेट वरून कितीही नवे दिसले तरी टाकून द्यावयाचे असते. ज्या हेल्मेटात हा थर नुसता नावाला आहे, ते हेल्मेट नव्हे, टोपी होय. आणि ज्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला नाही ते डोक्याच्या आधी जमिनीवर पोचते.

हा विचार प्रथम नेटाने मांडणारा गृहस्थ डॉक्टर होता. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटारसायकलवरून पडून, सहा दिवस बेशुद्ध राहून वारला. त्याच्या उपचारांत असलेले मेंदुशल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांच्या मनाने ते मरण घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार रस्त्यावर मेल्याचे १९४१ साली त्यांनी दाखवून दिले आणि हेल्मेट घातलेले असताना अपघात होऊन वाचलेले सात रुग्ण पुढे ठेवले. सैन्याने निरोप्या मोटारसायकलस्वारांना त्याच वर्षी हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांसाठी कायदा व्हावयास १९७३ साल उजाडले. बत्तीस वर्षे! लोकशाहीत डोक्याला हात लावणे सोपे नसते.

आपल्याकडे हे अधिकच खरे आहे. आंध्र प्रदेशातील हेल्मेटसक्तीचा नियम संचारस्वातंत्र्याचा भंग करतो की काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८८ साली न्यायालयाने तो नियम वैध ठरविला. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने सक्ती देशभर आली. पगडीधारी शीखांना तीतून सूट आहे. परंतु महाराष्ट्रात सक्तीचा इतिहास हा मुख्यतः सक्ती मागे घेतल्याचा इतिहास आहे. २०१६ साली ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा परिवहनमंत्र्यांनी केली. पंपचालकांनी विरोध करताच ती मागे पडली. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात सक्ती होताच मोर्चे निघाले. त्याच वर्षी केंद्राने दंड एक हजार रुपये आणि तीन महिने परवाना रद्द असा कडक केला, तेव्हा महाराष्ट्राने नवे दंड रोखून धरले, ते २०२१ च्या डिसेंबरात काही फेरफारांसह लागू केले. पुण्याच्या मोर्चेकऱ्यांचा युक्तिवाद निदान शहरापुरता होता, गर्दीत वेगच नसतो असा. त्याचा लाभ मात्र खेड्यांनी घेतला, जेथे ना गर्दी आहे, ना पोलीस.

स्वातंत्र्याचा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणे सोपे आहे. माझे डोके, माझी मर्जी, हे म्हणणे तेव्हाच टिकते जेव्हा फुटलेल्या डोक्याचा सारा खर्च त्या डोक्याच्या मालकावर पडतो. तो पडत नाही. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२४ साली. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला अद्यापही बहुधा शंभर किलोमीटरवरच्या अकोल्याला, नाही तर संभाजीनगरला हलवावे लागते. वाटेत मोलाचा तास निघून जातो. नंतर येते अतिदक्षता विभागाचे बिल, मग दागिने, मग एकरभर जमीन. जगला तर पुष्कळदा पहिल्यासारखा माणूस परत येत नाही. त्याच्या उशाशी बायको नाही तर आई जखडते आणि तिची मजुरी बुडते. २००६ साली पंतप्रधानांच्या मदतयोजनेसाठी विदर्भातील जे सहा जिल्हे आत्महत्याग्रस्त म्हणून निवडले गेले त्यांत बुलढाणा होता. शेतकरी कर्जात का जातो याची जी कारणे तेव्हापासून सांगितली जातात त्यांत पाऊस, भाव आणि सावकार यांची नावे असतात. रस्त्यावरच्या अपघाताचे नाव सहसा नसते. मृत्यूची भरपाई विम्याने होते असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की २०१८ पासून मालक-चालकासाठी असलेले पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण विमा चालू असेल आणि परवाना असेल तरच मिळते. गाडी नवी असताना काढलेली विमापत्रे मुदत संपल्यावर किती घरांत पुन्हा काढली जातात, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे.

दुपट्टा आणि हेल्मेट

डोके झाकावयाचे नाही, हा वऱ्हाडचा हट्ट आहे असे मात्र कोणी म्हणू नये. मे महिन्यात खामगाव-शेगावच्या रस्त्यावर उभे राहावे. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो, आणि जाणारा प्रत्येक दुचाकीस्वार डोके, कान आणि तोंड दुपट्ट्याने वा रुमालाने घट्ट गुंडाळून असतो. डोळ्यांपुरती फट ठेवलेली. कायदा नाही, दंड नाही, पोलीस नाही. आईने एकदा सांगितलेले असते की उघड्या डोक्याने गेलास तर ऊन लागेल. उन्हाचा धोका रोज अंगाला भाजून आपली आठवण देतो. अपघाताचा धोका हजार दिवस गप्प राहतो, आणि त्या हजार दिवसांतला प्रत्येक दिवस ‘काही होत नाही’ याचा पुरावा म्हणून जमा होत जातो. माणूस अडाणी असतो म्हणून नव्हे, तर तो अनुभवावरून शिकतो म्हणूनच येथे फसतो. पदवीधर शिक्षकही फसतो, तो यामुळे.

आणि उकाड्याची तक्रार खोटी नाही. हनुवटी झाकणारे काळे हेल्मेट थंड देशांच्या कल्पनेतून आले आहे. वैशाखात ते डोक्यावर चुलीसारखे तापते. त्यातून मार्ग आहेत: फिकट रंग, वारा खेळविणारी छिद्रे, धुता येणारे अस्तर, आणि आतून एक पातळ सुती रुमाल. हौशी मंडळींनी जॅकेटाच्या बाबतीत हे केव्हाच केले. जाड कातड्याऐवजी जाळीचे कापड आले. ते श्रीमंत गिऱ्हाईक असल्याने कारखानदाराने त्यांचे ऐकले. अप-डाउनवाल्याची मागणी एकवटलेली नाही, म्हणून त्याला जे मिळते ते गाडीबरोबर फुकट आलेले एक हेल्मेट. नव्या दुचाकीबरोबर प्रमाणित हेल्मेट देण्याचे बंधन केंद्रीय नियमांत आहे. घरी आल्यावर ते खुंटीवर जाते; आणि मागे बसणाऱ्या बायकोसाठी दुसरे नसतेच. नियमाने गाडीला साडीगार्ड असावे लागते, मागच्या स्त्रीला धरावयास कडी असावी लागते. तिच्या पदराची काळजी घेणाऱ्या नियमकर्त्यांना तिच्या डोक्याची आठवण उशिरा झाली. दोन हेल्मेटे द्यावीत असा मसुदा २०२५ च्या जूनमध्ये निघाला. मुलांच्या बाबतीत तर चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट हवे असे २०१९ च्या दुरुस्तीने आणि त्याहून लहानग्याला पट्टा व हेल्मेट हवे, वेगही ताशी चाळीसच्या आत हवा, असे २०२३ च्या फेब्रुवारीपासून कायदा सांगतो. टाकीवर बसवून शाळेत नेले जाणारे पोर कोणत्या गावात दिसत नाही?

किंमत हे कारण पुष्कळदा पुढे केले जाते. प्रमाणित साधे हेल्मेट हजार-दीड हजार रुपयांत मिळते. ते चार-पाच वर्षे टिकते असे धरले तर दिवसाला रुपयाही पडत नाही. तरीही रस्त्याकडेला दोन-तीनशे रुपयांना मिळणारी बिनदर्जाची टोपी खपते, कारण ती डोक्यासाठी नव्हे, पोलिसासाठी घेतली जाते. जून २०२१ पासून भारतीय मानक संस्थेच्या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे. पण चिन्हाचे चिकटपत्र छापावयास किती खर्च येतो! येथे सरकारला पोलिसापेक्षा करनीती अधिक उपयोगी पडली असती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. हेल्मेटवरचा १८ टक्के आहे तेथेच राहिला. म्हणजे धोका निर्माण करणारी वस्तू आणि तो कमी करणारी वस्तू यांना एकच दर. गाडी स्वस्त झाली याचे दुःख कोणी करावयाचे कारण नाही. पण त्याच बैठकीत हेल्मेट पाच टक्क्यांवर नेले असते तर तिजोरीला जो खड्डा पडला असता, तो जिल्हा रुग्णालयांच्या अपघात विभागात भरून निघाला असता.

यावर अर्थशास्त्रातलाच एक आक्षेप आहे. शिकागोचे सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली मांडले की संरक्षण वाढले की चालक अधिक बेफिकीर होतो आणि लाभ नाहीसा होतो. मोटारींच्या बाबतीत या म्हणण्यावर पुष्कळ वाद झाला. हेल्मेटांबाबत अमेरिकेने त्याची कसोटी नकळत घेतली. १९७६ साली केंद्रीय दबाव उठताच अनेक राज्यांनी हेल्मेटचे कायदे सैल केले, आणि मोटारसायकलस्वारांचे मृत्यू वाढले. मोकळ्या डोक्याने माणसे जपून चालवतात हे तेथे तरी खरे ठरले नाही.

राहता राहिली एक अगदी क्षुल्लक वाटणारी अडचण, जिचा उल्लेख कोणत्याही शासकीय परिपत्रकात सापडत नाही. हेल्मेट ठेवावयाचे कोठे? गाडीच्या आरशाला टांगले तर चोरीला जाते, पावसात भिजते, माकडे ओढतात. हातात घेऊन बाजार करता येत नाही, आणि कचेरीत साहेबांच्या टेबलावर ते ठेवणे बरे दिसत नाही. हेल्मेट विकत घेऊनही न वापरणाऱ्या माणसाला विचारले तर तो हेच सांगतो. शेगावच्या मंदिरात लाखो जोडे रीतीने ठेवून घेऊन परत देण्याची व्यवस्था आहे. हेल्मेट ठेवून घेणारी खिडकी मात्र कचेऱ्या, महाविद्यालये आणि बाजार समित्या यांपैकी कोठेही सहसा आढळत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात पाच-सहा खुंट्यांची एक फळी ठोकावयास गावच्या सुताराला अर्धा दिवस लागेल.